ज्यानं तोडला, त्यानं काढायचा

साहेब, माझ्या दाजींचा उजवा हात तुम्ही घेतलात.

हातावर लोखंडी टॉमी मारणारा दुसरा होता, हे मला शिकवू नका. मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. मारणाऱ्याचं नाव मला माहीत आहे, त्याची वस्ती माहीत आहे, त्याच्या म्हशींची नावंसुद्धा माहीत आहेत. तो तुरुंगात जाऊन आला. तुम्ही शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालात. म्हणून ही हकिगत त्याला सांगून उपयोग नाही, तुम्हालाच सांगायची आहे. मध्ये बोलू नका. त्या दिवशी तुम्हीच बोलत होतात.

मे महिना होता. सकाळी तुमच्या ठाण्याचा जमादार आला तेव्हा दाजी चहाचा ग्लास हातात धरून एका चालू गाडीला कान लावून बसले होते. जमादार मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही.

"तुळशीराम, पाने घे आन् चल. चौकात. साहेबांनी बोलावलंय."

"कशाला?"

"सायलेन्सर काढायचेत. फटाके वाजवत फिरणारी पोरं धरलीत. चार वाजता पेपरवाले येणारेत. रोलरखाली घालायचेत समदे."

"मग ज्याच्या-त्याच्या मिस्त्रीला बोलवा की. माझं काय काम?"

जमादार हसला. आमच्या पत्र्याच्या शेडकडं त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. "शेड रस्त्यात किती आलीय रे तुझी? टेप आणू का?"

दाजींनी चहा संपवला. ग्लास विसळून उपडा घातला. "नव्या, पेटी घे," म्हणाले.

तुळशीराम मिस्त्री म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. गावात मिस्त्री पुष्कळ होते, पण इंजिनात तुटून बसलेला बोल्ट काढायचा म्हटलं की माणसं दोन तालुके ओलांडून दाजींकडं यायची. इंजिन ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. जोर केला की इंजिनातले आटे जातात, जोर नाही केला की बोल्ट हलत नाही. ह्या दोन्हींच्या मधे कुठंतरी थांबायचं असतं. ते दाजींना डोळ्यांनी दिसायचं नाही, मनगटात कळायचं. पाना लावला, किंचित ताण दिला की ते सांगायचे, येतोय का तुटतोय. आमच्या दोन घरांच्या चुली त्या एका मनगटावर पेटायच्या. अक्का भांडताना त्यांना काहीबाही बोलायची, पण जेवायला वाढताना त्यांच्या उजव्या हाताला चटका लागेल अशी वाटी कधी पुढं सरकवायची नाही.

चौकात तुम्ही मंडपाच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होतात. काळा गॉगल, मांडीवर काठी. समोर उन्हात गाड्यांची रांग आणि रांगेपुढं पोरं, कान धरून उकिडवी बसवलेली. त्यांच्यात एकटा बाप्या माणूस होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन बांधलेले होते. तो बिभीषण. ढोण्यांच्या वस्तीवरनं सगळ्यांचं दूध गोळा करून डेअरीवर घालायचा. मी त्याला तोंडओळखीनं ओळखत होतो.

"साहेब," तो बसल्या-बसल्या म्हणत होता, "माजा सायलेन्सर कंपनीचाच हाय. गंजून भोक पडलंय, म्हणून वाजतोय. दूध हाय साहेब. माजं एकट्याचं न्हाई, समद्या वस्तीचं हाय."

"वाजतो ना?" तुम्ही विचारलंत.

"वाजतो, पर—"

"मग झालं की."

"उन्हात नासंल साहेब. डेअरीवर घालून येतो. चावी ठिवा तुमच्यापाशी, आधार कार्ड ठिवा, पायातल्या चपला ठिवा."

तुम्ही उठलात, दोन पावलं चाललात आणि त्याच्या कानशिलात दिलीत. टॉवेल सुटून त्याच्या खांद्यावर पडला. "कान सोडायला कुणी सांगितलं?" म्हणालात.

दाजी तोवर पहिल्या गाडीपाशी वाकले होते. सायलेन्सरची नळी इंजिनाला दोन बोल्टांनी धरलेली असते. पावसापाण्यानं आणि इंजिनाच्या आगीनं त्याचे नट गंजून बोल्टाशी एकजीव होतात. दाजींनी पाना लावला, इतकासा ताण दिला आणि काढून घेतला. दुसऱ्या गाडीला लावला, काढून घेतला. मग सरळ उभे राहिले.

"साहेब, ह्ये नट बोल्टाला धरून बसल्यात. ह्यांच्यावर तेल सोडून थांबावं लागतंय. आत्ता जोर केला तर बोल्टच तुटून इंजिनात ऱ्हाईल. थांबा जरा."

"किती थांबू?"

"रातभर मुरलं तर बेस."

तुम्ही हसलात. जमादार हसला. म्हणून उकिडवी बसलेली दोन-चार पोरंही हसली. "जमादार, ऐकलंत का? पेपरवाल्यांना निरोप द्या. म्हणावं, मिस्त्रीचं तेल मुरतंय, उद्या या."

"निदान चार वाजेपर्यंत तरी थांबा," दाजी म्हणाले. "तेल सोडतो, ठोकत ऱ्हातो. निम्मे तरी धड निघतील. गरिबाच्या गाड्या हायेत साहेब."

तुम्ही दाजींच्या हातातला पाना मागितलात. नीट मागितलात, "बघू" म्हणून. दाजींना वाटलं तुम्ही नट बघताय. त्यांनी दिला. आणि त्याच पान्यानं तुम्ही त्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर मारलंत. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज झाला. दाजी एका पायावर खाली बसले. मी पुढं झालो तर जमादाराची काठी माझ्या छातीला आडवी.

"सगळ्यांसमोर मला थांबा म्हणतो," तुम्ही म्हणालात आणि पाना परत दाजींच्या हातात दिलात. "हं. लाग."

दाजींनी लंगडत रांग धरली. काही नट सुटले. बरेच नाही सुटले. तुटणारा बोल्ट आधी मऊ लागतो. वाटतं, सुटला. आणि मग पाना एकदम मोकळा फिरतो. प्रत्येक वेळी दाजी डोळे मिटायचे. तुटलेलं डोकं नटासकट पान्यात यायचं आणि उरलेला बोल्ट इंजिनाच्या आत. ताज्या चालवून आणलेल्या गाड्यांच्या नळ्या अजून तापलेल्या होत्या. त्या ओढून काढताना माझ्या कोपराखालची कातडी एका नळीला चिकटून राहिली. जमादार म्हणाला, "मटणाचा वास आला राव."

बिभीषणच्या गाडीचे दोन्ही बोल्ट तुटले. एक थोडा बाहेर राहिला, दुसरा इंजिनाच्या काठाशी सपाट.

"आरं मोडलास की मिस्त्री!" तो जागेवरून ओरडला. "दोन्ही मोडलास की!"

जमादारानं त्याच्या पाठीत लाथ घातली. तो पुढं हातांवर पडला आणि तसाच पडून दाजींकडं बघत राहिला. तुमच्याकडं नाही, साहेब. दाजींकडं. कारण पाना दाजींच्या हातात होता.

चार वाजता रोलर फिरला. तुम्ही एक पाय रोलरवर ठेवून फोटो काढलात. मग पोरांना सांगितलंत, "चला, ढकलत न्या आपापल्या गाड्या."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुठं लिहिलेली नाही, पण बायपासवरचा कुठलाही मिस्त्री ती मोडत नाही. ज्यानं बोल्ट तोडला, त्यानंच काढायचा, फुकट काढायचा. दुसऱ्याच्या हातानं तुटलेल्या बोल्टाला तिसरा मिस्त्री हात लावत नाही. त्यामुळं आम्ही शेडवर पोचलो न पोचलो तोच गाड्या यायला लागल्या. पोरांनी शिव्या घातल्या, गाड्या लावल्या आणि "उद्या येतो, काढून ठेव" म्हणून गेली. दाजी प्रत्येकाला "व्हय" म्हणत होते. गुडघा सुजून विजारीत मावत नव्हता.

बिभीषण सगळ्यांत शेवटी आला. त्यानं वाटेत तीन गॅरेजं विचारली होती. तिघांनीही त्याला आमच्याकडं पिटाळलं होतं. उन्हातनं कॅनसकट गाडी ढकलून त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. त्यानं गाडी उभी केली, एक कॅन सोडला, झाकण काढलं आणि आमच्या पेटीवर उपडा केला. नासलेलं दूध. फुटकं पाणी आणि त्यात पांढऱ्या गाठी. पान्यांवर, ड्रिलवर, दाजींच्या पायांवर. आंबट वास शेडभर झाला.

"कुणी तोडला?" त्यानं विचारलं.

"मी तोडला," दाजी म्हणाले.

साहेब, इथं नीट ऐका. आमच्या भाषेत ह्याचा अर्थ एवढाच, की पाना माझ्या हातात होता, काढून मी देतो. कुठल्याही मिस्त्रीला कळलं असतं. बिभीषण मिस्त्री नव्हता. त्यानं ऐकलं ते वेगळंच.

"कामून तोडला?"

"साहेबानं थांबू दिलं न्हाई," मी मधे बोललो. "दाजी दोन्दा म्हणले, थांबा. त्येंच्या गुडघ्याकडं बघ जरा."

"मग ह्यो कामून म्हणतो मी तोडला?"

"नव्या, गप," दाजी म्हणाले. "तोडला मीच. काढून बी मीच देणार. जुनी एक नळी हाय माझ्याकडं, ती बसवून देतो. सांजंचं दूध जातंय तुझं. बस तिथं."

"बसत न्हाई." टायर काढायची लोखंडी टॉमी खांबाला टेकवलेली होती. ती त्यानं खांद्यावर घेतली आणि गाडीच्या डोक्यापाशी उभा राहिला. "सकाळचं गेलं. सांजंचं वस्तीवर भरून ठिवलंय. बाया माज्या नावानं दारात उभ्या असतील. न्हाई निघाला तर?"

"निघंल."

"न्हाई निघाला तर?"

"बिभीषणा, लंकेत बी इतका तगादा न्हवता रं," दाजी म्हणाले आणि दुधातनं हातोडी उचलून कपड्याला पुसली.

तो हसला नाही, पण टॉमी खांद्यावरून खाली आली.

बाहेर राहिलेल्या बोल्टावर दाजींनी एक नट ठेवला आणि वेल्डिंगनं तो बोल्टाला जोडून टाकला. लाल झालेला बोल्ट जरा निवल्यावर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं, चर्रकन धूर निघाला. मग पाना. जरासा मागं, जरासा पुढं. मागं, पुढं. घट्ट झाकणाला फसवावं तसं. बिभीषण वाकून बघायला लागला.

"म्हशी किती?" दाजींनी विचारलं, मान वर न करता.

"माज्या दोन. राणी आन् चांदी."

"जास्त दूध कोण देती?"

"चांदी. पर मारकी हाय."

"मंग आमच्या घरच्यासारखीच हाय," दाजी म्हणाले, आणि बोल्ट कुरकुरत बाहेर आला. सबंध, आट्यांसकट. बिभीषणनं हात पुढं केला. "तापलेला हाय," दाजी म्हणाले आणि त्याच्यापुढं जमिनीवर ठेवला. त्यानं तो पायानं हलवून बघितला. आता त्याच्या तोंडावर आशा होती. मला स्पष्ट दिसली.

दुसरा बोल्ट सपाट तुटलेला, त्याला धरायला जागा नव्हती. त्याच्या बरोबर मध्यावर बारीक भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांचा खिळा फिरवायचा, म्हणजे तो बोल्टाला आतनं धरून बाहेर आणतो. ड्रिल एका बाजूला सरकलं तर इंजिनाचे आटे गेले. दाजींनी ड्रिल दोन्ही हातांत धरलं, उजवा मागं, डावा पुढं, आणि श्वास सोडत दाब दिला. बारीक चकचकीत कीस बाहेर यायला लागला.

तेवढ्यात तुमची जीप आली.

जीपमागं एक नवीकोरी गाडी ढकलत आणली होती. आणणारा पोरगा चौकात उकिडवा बसला नव्हता, मंडपात तुमच्याशेजारी बसून सरबत पीत होता. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा भाचा. त्याचा सायलेन्सर रोलरखाली गेलाच नव्हता. जीपच्या मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता.

"मिस्त्री," तुम्ही उतरत म्हणालात, "ते सोड. ही आधी. ह्याचा एक बोल्ट राहिलाय आत. काढ आणि सायलेन्सर लाव. चेअरमनसाहेब वाट बघतायत."

"ड्रिल निम्म्यात हाय साहेब," दाजी म्हणाले. "निम्म्यातनं उठलो तर ह्याचं इंजिन जातंय. एवढं झालं की लगेच घेतो. थांबा जरा."

तिसऱ्यांदा म्हणाले ते.

बिभीषण तुमच्याकडं वळला. त्याच्या हातात टॉमी होती ह्याचं त्याला भान नसावं. चौकात मार खाऊनसुद्धा तो तुमच्याशी हात जोडल्यासारखा बोलला.

"साहेब, एक इचारू का? ह्यो मिस्त्रीचा मेव्हणा म्हणतो, मिस्त्री तुमाला थांबा म्हणला व्हता. तुमी थांबू दिलं न्हाई, म्हणून बोल्ट तुटले. खरं हाय का?"

त्या भाच्यासमोर विचारलं त्यानं. तुम्ही गॉगल काढलात. दाजींकडं बघितलंत. दाजी ड्रिलवरचा दाब न सोडता मान वर करून तुमच्याकडं बघत होते.

"मला कोण म्हणालं थांबा?" तुम्ही म्हणालात. "म्हणाला असता तर थांबलो नसतो का? मी काय राक्षस आहे? मी सायलेन्सर काढायला सांगितलं, बोल्ट तोडायला नाही. अरे, ह्यांचा धंदाच आहे तो. तोडायचे आणि मग काढत बसायचे. बघ की, केवढी गिऱ्हाइकं लावलीयत दारात."

शेडपुढं गाड्यांची रांग होती. बिभीषणनं ती बघितली. मग दाजींकडं बघितलं.

"तोडला मीच, म्हणलास तू," तो हळू म्हणाला.

आणि टॉमी खाली आली.

उजव्या हातावर. ड्रिल धरलेल्या हातावर. दाजींनी हात काढून घेतला नाही. काढला असता तर ड्रिल सरकलं असतं, दुसरं कारण मला सुचत नाही. पहिल्या फटक्याला ड्रिल वाकडं झालं आणि त्याचं टोक आत मोडलं. दुसऱ्या फटक्याच्या वेळी हात इंजिनाच्या धारदार पात्यांवर पसरलेला होता, वर लोखंड, खाली इंजिन. हाडांचा आवाज मी बोल्टांच्या आवाजात कितीदा तरी ऐकतो अजून. दाजी ओरडले नाहीत. "आयो," एवढंच म्हणाले, लहान पोरासारखं.

तिसरा फटका मी पडू दिला नाही. जुना शॉकॲब्सॉर्बर हाताला लागला, तो बिभीषणच्या कानामागं घातला. तो गुडघ्यांवर आला तरी घातला. त्याचं रक्त आणि त्याचंच नासलेलं दूध एकत्र वाहत होतं. त्याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तुम्ही ह्या सगळ्यात काय केलंत ते मी बघितलं. तुम्ही एक पाऊल मागं सरकलात, बुटाला दूध लागू नये म्हणून. काठी तुमच्या हातात होती. पहिल्या आणि दुसऱ्या फटक्याच्या मधे तुम्ही नुसतं "ए" म्हटलं असतंत, तरी तो थांबला असता. तुमच्या "ए"ला सकाळपासून तो कान धरत होता.

मग जमादारानं बिभीषणला लोळवला, बेड्या घातल्या, जीपच्या पायदानाला अडकवला. मी दाजींचा हात मांडीवर घेतला. बोटं कुठल्याही दिशेला जात होती. पुसायच्या फडक्यात गुंडाळला, तर फडकं लगेच जड झालं.

"साहेब, जीप द्या. दवाखान्यात न्यायचंय."

तुम्ही घड्याळ बघितलंत. "तुला येतं का रे बोल्ट काढायला?"

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"तुला येतं का? ह्याच्या हाताखाली शिकलास ना? ही गाडी करून दे. झाली की जीप घेऊन जा."

मी हातोडी उचलली. तुमच्या डोक्यात घालायला उचलली, हे मी कोर्टातही सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. जमादाराची काठी कमरेत बसली आणि पायांतला जीवच गेला. पडलो तिथनं मला जीपच्या चाकाला टेकलेला बिभीषण दिसत होता, एक डोळा रक्तानं मिटलेला. तो दाजींच्या हाताकडं बघत होता.

"नव्या," दाजी म्हणाले. आवाज कोरडा होता. "ऊठ. कर त्याचं. माझं लवकर व्हईल."

"मी न्हाई करत दाजी. मरू दे ह्याला."

"मला घाई हाय रं," ते म्हणाले. "भांडू नगं. मेण घे."

मी उठलो. भाचा लांब उभा राहून फोनवर बोलत होता. त्याच्या गाडीचा बोल्ट अर्धा बाहेर होता, सोपा होता. मी नट ठेवला. दाजी खांबाला टेकून सांगत होते. उजवा हात डाव्यानं छातीशी धरलेला.

"जास्त डाग देऊ नगं... बास. निवू दे... आता मेण... धूर आला का? धर पाना. जोर नगं. तुला राग आलाय, राग मनगटात आणू नगं. मागं... पुढं... कुरकुरला का?"

"न्हाई."

"थांब मग."

मधेच त्यांचा डोळा लागायचा. मी "दाजी!" म्हणून ओरडायचो आणि ते "हां, मागं, पुढं" असं पुन्हा सुरू करायचे. फडक्यातनं रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तुम्ही जीपच्या बॉनेटवर बसून बिस्किटं खात होतात.

बोल्ट कुरकुरला. आला. मी सायलेन्सर बसवला, नट आवळले. भाच्यानं किक मारली. फाड् फाड् फाड् असा आवाज शेडभर घुमला. सकाळपासून ज्या आवाजासाठी तुम्ही अख्खा चौक उन्हात बसवला होता, तोच.

"झालं ना? उगाच नखरे," तुम्ही म्हणालात आणि जीपमध्ये बसलात.

"साहेब, जीप!"

"आरोपी आहे आत. जखमीला आरोपीबरोबर नेता येत नाही. रिक्षा बघ."

जीप गेली. मी दाजींना खांद्यावर घेऊन रस्त्यावर आलो आणि उसाच्या मोळ्या नेणाऱ्या टेंपोपुढं आडवा झालो. दवाखान्यात डॉक्टरनं फडकं सोडलं आणि पहिलं वाक्य बोलला, "इतका वेळ कुठं होता?" तीन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, पण वळत नाही. मनगट जन्माचं आखडलं. अक्का दवाखान्यात आली तेव्हा रडली नाही. तिनं त्या पांढऱ्या बोचक्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "ह्यो ह्यांचाच हात हाय का?"

केस चालली. तुम्ही साक्षीदार होतात, प्रत्यक्षदर्शी. आरोपीला जागेवर पकडल्याबद्दल पेपरात तुमचं नाव आलं, त्याच पेपरात ज्यात रोलरवरचा फोटो आला होता. "जखमीस तातडीने दवाखान्यात हलविण्यात आले" असं तुम्ही शपथेवर सांगितलंत. बिभीषणच्या वकिलानं दाजींना पिंजऱ्यात विचारलं, "मारलं कोणी?"

"बिभीषणनं."

"का मारलं?"

"त्याला खोटं सांगितलं गेलं, म्हणून."

"कोणी सांगितलं?"

सरकारी वकील उठला. म्हणाला, ह्याचा गुन्ह्याशी संबंध नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. दाजींनी तुमच्याकडं बघितलं, सगळ्या कोर्टानं बघितलं, आणि तुम्ही टोपीतली धूळ झटकत होतात. प्रश्न तिथंच संपला. बिभीषणला शिक्षा झाली. त्याच्या म्हशी त्याच वर्षी विकल्या गेल्या.

तुमच्या सत्काराला मी आलो होतो, मागच्या रांगेत होतो. तुम्ही भाषणात म्हणालात, "सबंध नोकरीत मी कुणाचं वाईट केलं नाही. कुणाला शंका असेल तर त्यानं मला येऊन विचारावं." टाळ्या पडल्या. मी हात वर केला होता. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि सूत्रसंचालक आभार मानायला उठला.

म्हणून आता लिहून विचारतोय. वकील नाही, जमादार नाही, मंडप नाही. चौकात उन्हात, गाड्यांच्या रांगेपुढं, आमचे दाजी तुम्हाला "थांबा" म्हणाले होते का नव्हते?

हो किंवा नाही. बोला.